नको म्हणणारा पॉइंट गार्ड

वीर मोहरीर बास्केटबॉल खेळून पोट भरतो, असं सांगितलं की न्यू जर्सीच्या वेस्ट विंडसरमधले काका लोक मान डोलावतात आणि विचारतात, "हो, पण काम काय करतो?" वर्षानुवर्षं हा प्रश्न ऐकून त्याच्या वडिलांनी, गुरुनाथरावांनी, एक उत्तर तयारच ठेवलं होतं. "कन्सल्टंट आहे. क्लायंट साइटवर असतो." आणि ते अगदीच खोटं नव्हतं. न्यू जर्सीतली निम्मी मराठी मंडळी जन्मभर तेच करतात. सहा महिने या गावात, चार महिने त्या गावात, बॅग कायम भरलेली, कॉन्ट्रॅक्ट कधी संपेल याचा नेम नाही. फरक इतकाच की वीरला कामावर हाफ पँट घालून जावं लागायचं.

मेन राज्यातलं बर्फात गाडलेलं एक गाव, मग ऑश्कॉश, मग सू फॉल्स, मग टेक्सासचं पार खालचं टोक, मग पुन्हा मेन. या गावांत लहान लीगचे संघ असतात. तिथून मोठ्या लीगचं, म्हणजे एनबीएचं, दार दिसतं, पण उघडत नाही. पगार बेताचा, प्रवास विमानातल्या मधल्या सीटवर गुडघे कानाशी घेऊन, आणि हॉटेलात सकाळी तेच ते वॉफल. गाडीच्या डिकीत कुकर, चादरी आणि आईने दिलेली लोणच्याची बरणी. एवढ्यावर वीर खूश असायचा, आणि खूश म्हणजे कसा, तर चेंडू हातात आला की त्याला चक्क हसू फुटायचं. प्रतिस्पर्ध्यांना वाटायचं, हा आपल्यावर हसतोय. तसं काही नव्हतं. त्याला खेळताना गुदगुल्याच व्हायच्या.

तो पॉइंट गार्ड. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, पॉइंट गार्ड म्हणजे संघातला वाढपी. चेंडू घेऊन मैदानभर फिरायचं, कुणाचं पान रिकामं आहे ते हेरायचं आणि त्याने मागायच्या आत नेमका त्याच्या हातात नेऊन द्यायचा. बास्केट त्याची, टाळ्या त्याच्या. वीरची या कामात नजर अशी होती की पाठीमागच्या माणसालाही तो न बघता वाढायचा. प्रत्येक कोच पहिल्या आठवड्यात त्याच्या प्रेमात पडायचा आणि हंगाम संपताना त्याला निरोप द्यायचा, कारण हा पठ्ठ्या स्वतः बास्केट करायलाच जायचा नाही. समोर रिंग मोकळी असली तरी आधी इकडे बघ, तिकडे बघ, कुणाला हवंय का.

याचं मूळ घरात होतं. शैलजाकाकू, म्हणजे वीरची आई, नागपूरच्या. नागपूरचा आग्रह ज्याने सोसलाय त्यालाच तो कळेल. पुण्याचे गुरुनाथराव लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला जेवले, तेव्हा त्यांना उठून उभं करायला दोन मेव्हणे लागले होते. त्या घराचा नियम साधा. पाहुण्याने पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की पानावर हात आडवा धरायचा आणि तिसऱ्यांदा लाजत लाजत घ्यायचं. पहिल्याच वेळी "हो" म्हणणारा माणूस हावरट, आणि तिसऱ्यांदा न विचारणारा यजमान कंजूष. वीर आणि त्याची मित्रमंडळी याच रीतीत वाढली. फक्त बाकीची पोरं कॉलेजात गेली आणि ही सवय सोडून आली. वीरच्या हाडात ती मुरली.

कॉलेजात कोचने त्याला विचारलं, "कॅप्टन होतोस?" वीर म्हणाला, "नको नको, दुसऱ्या कुणाला तरी द्या." कोचने लगेच दुसऱ्या कुणाला तरी दिलं. वीर आठवडाभर दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत कोचच्या ऑफिससमोरून ये-जा करत होता. सू फॉल्सच्या मॅनेजरने हंगाम संपताना म्हटलं, "पुढच्या वर्षीही तू हवा आहेस, राहशील?" यावर वीरचं उत्तर होतं, "अहो, माझ्यासाठी उगीच कशाला त्रास." मॅनेजरने सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्याला प्रेमाने मिठी मारून बस स्टँडवर सोडलं. अमेरिकन माणूस तसा सरळ. नको म्हणजे नको. त्याला काय ठाऊक, की या पोराच्या नकोला अजून दोन मजले आहेत.

त्याचं लग्न झालं तेच मुळी बायको चिवट निघाली म्हणून. रुचा पुण्याहून नोकरीवर जर्सी सिटीत आलेली, सॉफ्टवेअरमधली, स्पष्ट बोलणारी. तिने विचारलं, "लग्न करायचं का आपण?" वीर म्हणाला, "नको गं, तू आधी नीट सेटल हो." तिने दुसऱ्या दिवशी विचारलं. त्याने हात आडवा धरला. तिसऱ्यांदा मात्र तिने विचारलं नाही, सांगितलं. "यार, मी हॉल बुक करतेय. शेवटचं बोल." तो इतका जोरात "येस" म्हणाला की शेजारच्या अपार्टमेंटमधून भिंतीवर थाप पडली.

"रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, वीर," रुचा नेहमी म्हणायची.

"माझी आई तर नको म्हटलं की डबल वाढते," वीर म्हणायचा. आणि ते खरं होतं.

आणि मग, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, जेव्हा त्याचा घोटा जिना उतरताना कुरकुरायला लागला होता, तेव्हा फोन आला. कबीरचा. कबीर त्याचा शाळेपासूनचा दोस्त, आता वकील आणि वीरचा एजंट. एका मोठ्या क्लबचे दोन पॉइंट गार्ड एकदम जायबंदी झाले होते. त्यांना दहा दिवसांसाठी माणूस हवा होता. दहा दिवसांचं कॉन्ट्रॅक्ट, एनबीएचं. क्लबचं नाव इथे सांगत नाही. सांगितलं की तुम्ही फोन काढून बघत बसाल आणि गोष्ट राहील बाजूला.

"त्यांनी तुला विचारलं नाहीये," कबीर म्हणाला. "मला विचारलं. मी हो म्हटलंय. तू तोंड उघडायचं नाहीस."

वीरने आनंदाच्या भरात पार्किंग लॉटमध्ये गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या. मग त्याला खरी गोष्ट उमगली. नुसतं बाकावर बसून काही होत नाही. दहा दिवसांत एखादं मिनिट जरी मैदानात उतरला तर तो कायमचा एनबीए खेळाडू. नाव नोंदलं जाणार, मरेपर्यंत कुणी पुसू शकणार नाही. आणि उतरलाच नाही, तर इतकी वर्षं दारापाशी उभा राहिलेला माणूस आत येऊन, सोफ्यावर बसून, पाणीसुद्धा न पिता परत गेला, एवढंच. पुन्हा बोलावणं येण्याचं त्याचं वय नव्हतं.

रुचाने तयारी सुरू केली. ती रोज रात्री व्हिडिओ कॉलवर कोचच्या आवाजात विचारायची, "मोहरीर, आत जातोस?" आणि तो म्हणायचा, "येस!" मग तिने ते वाढवलं. जेवलास? येस! टीव्ही बंद करू? येस! अजून चहा? येस! त्या आठवड्यात त्याने जन्मात प्यायला नव्हता इतका चहा प्यायला आणि हॉटेलच्या खोलीतली केटल जाळली.

सामन्यांमागून सामने गेले, कोचने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. बघता बघता शेवटचा सामना आला. तो नेमका क्लबच्या घरच्या मैदानावर, वेस्ट विंडसरपासून गाडीने जाण्याजोगा. वीरने आईला बजावलं होतं, "आई, प्लीज, डोन्ट टेल एनीवन. मी खेळेनच असं नाही." शैलजाकाकूंनी वचन पाळलं. त्यांनी फक्त प्रीतामावशीला सांगितलं, आणि तेही कुणाला सांगू नकोस म्हणून. संध्याकाळी महाराष्ट्र मंडळाच्या दोन बसेस भरून निघाल्या.

अरीनाच्या दाराशी घोडं अडलं. शैलजाकाकूंच्या हातात बेसनाच्या लाडवांचा डबा होता, आणि बाहेरचं खाणं आत न्यायची परवानगी नव्हती. दारावरचा धिप्पाड गार्ड नम्रपणे म्हणाला, "नो, मॅम."

शैलजाकाकूंनी हे ऐकलं आणि त्यांना बरं वाटलं. किती संस्कारी माणूस, पहिल्याच फटक्यात घेत नाही! त्यांनी डबा उघडून पुढे केला. "टेक, टेक. होममेड."

"नो थँक यू, मॅम."

"वन ओन्ली," काकू म्हणाल्या. "ओके, हाफ. हाफ घे न बाप्पा, लाजतो काऊन?"

त्या माणसाने मागे तुंबलेली रांग पाहिली, काकूंच्या तोंडाकडे पाहिलं आणि अर्धा लाडू घेतला. मग उरलेला अर्धा घेतला. नियम तो नियम, डबा बसमध्येच परत गेला, पण बसमध्ये जाईपर्यंत त्याच्या साथीदाराचेही दोन खाऊन झाले होते. गुरुनाथराव हे सगळं कोपऱ्यात उभे राहून, आपण या बाईंना ओळखत नाही असा चेहरा करून बघत होते.

क्लब सामना पहिल्यापासून हरत चालला होता. वीर बाकाच्या टोकाला बसला होता, त्याच्या शेजारी ट्रेव्हॉन, अलाबामाचा नवा खेळाडू. ट्रेव्हॉनलाही कित्येक दिवस कुणी उतरवलं नव्हतं. त्याची आईही त्या दिवशी पहिल्यांदाच विमानाने आली होती. पोरगं गुडघ्यांवर कोपरं टेकून असं पुढे झुकलं होतं की जणू मैदानच ओढून घेईल.

शेवटची पाच-सहा मिनिटं उरली. आता जिंकायचा प्रश्नच नव्हता. अशा वेळी कोच बाकावरच्या लोकांना थोडं खेळू देतात. कोच वळला. हा माणूस मोजकं बोलायचा, आणि बोललेलं पुन्हा बोलायचा नाही.

"मोहरीर," तो म्हणाला. "आत जायचंय?"

वरच्या प्रचंड स्क्रीनवर नेमका त्याच वेळी बाक दाखवत होते. वीरचा चेहरा चांगला घराएवढा दिसत होता. मंडळाच्या दोन्ही बसेस उभ्या राहून किंचाळल्या. रुचाने डोळे मिटले आणि पुटपुटली, "येस म्हण, येस म्हण, येस म्हण."

वीरने तोंड उघडलं. येस जिभेच्या टोकावर होतं. तेवढ्यात त्याला शेजारी ट्रेव्हॉन दिसला, त्याचं ते पुढे झुकणं दिसलं. शेजारच्या पानावर काहीच वाढलेलं नाही आणि आपण आपलं पान पुढे करायचं? मोहरीरांच्या घरात असं कधी झालं नव्हतं. वीरचा उजवा हात आपोआप वर आला आणि छातीसमोर आडवा झाला.

"नको नको," तो म्हणाला. "आधी ट्रेव्हॉनला पाठवा."

कोचने खांदे उडवले आणि ट्रेव्हॉनला पाठवलं.

अरीनातल्या हजारो लोकांना तो आडवा हात पाहून काही कळलं नाही. त्यांना वाटलं, माणूस घाम पुसतोय. पण वरच्या कोपऱ्यातल्या त्या दोन बसभर लोकांना तो हात ओळखायला क्षणही लागला नाही. जन्मभर त्यांनी तोच हात श्रीखंडावर, मसालेभातावर, दुसऱ्या पोळीवर पाहिला होता.

"अगं आई गं," प्रीतामावशी म्हणाल्या. "हा पानावर हात धरतोय!"

"विचारेल, अजून एकदा विचारेल," शैलजाकाकू म्हणाल्या.

"नाही विचारत हे लोक, आई!" रुचा ओरडली. "विचारत नाहीत!"

आणि मग जे झालं ते अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्ये पूर्वी कधी झालं नसावं. शैलजाकाकू खुर्चीवर चढल्या आणि पंगतीत वाढायचा तो खणखणीत नागपुरी आवाज त्यांनी लावला. "घे रे वीर! घे! लाजू नको!" मागून मंडळाने सूर धरला. घे! घे! घे! खालच्या रांगेतल्या अमेरिकन लोकांना अर्थ कळेना, पण हरत्या सामन्यात करमणूक तरी कुठली होती? तेही लागले ओरडायला.

खाली वीर गोठून बसला होता. त्याने कान देऊन वाट पाहिली. कोच काही वळेना. वर घड्याळाचे लाल आकडे भराभर खाली येत होते. वीरच्या तोंडचं पाणी पळालं. कोच दुसऱ्यांदा विचारणार नव्हता. कॉलेजच्या कोचने विचारलं नव्हतं, सू फॉल्सच्या मॅनेजरने विचारलं नव्हतं, आजवर कुणीच विचारलं नव्हतं, आणि तरी तो दर वेळी पान मांडून बसला होता.

तो उठला. बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि कोचच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला.

"कोच, मला जायचंय."

"आत्ता विचारलं तेव्हा नाही म्हणालास."

"चुकलो. आता हो म्हणतोय."

"नाही. जाऊन बस."

आता गंमत बघा. दुसरा कुणी असता तर नाही ऐकून मान खाली घालून परत गेला असता. पण वीर ज्या घरात वाढला होता, तिथे पहिल्या नाहीला कुणी काडीचीही किंमत देत नसे. ती तर नुसती सुरुवात. त्याला एकदम घरच्या अंगणात आल्यासारखं वाटलं.

"दोन मिनिटं, कोच."

"मोहरीर, नाही म्हटलं ना."

"बरं, एक. एकच."

"बस जाऊन!"

"अर्धं," वीर म्हणाला. त्याला हसू फुटत होतं, ते काही केल्या आवरेना. "अर्धं मिनिट तरी, कोच. माझ्यासाठी. अगदी एवढंसं."

कोचने त्याच्याकडे पाहिलं. सबंध हंगामात त्या माणसाच्या चेहऱ्याची सुरकुतीही कधी हलली नव्हती. ती हलली. "माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत," तो म्हणाला, "मला कुणी अर्धं मिनिट मागितलेलं नाही. जा! जा, नाहीतर मी पागल होईन."

वीर धावत टेबलापाशी गेला. शिट्टी झाली. तो रेषा ओलांडून आत आला आणि निवेदकाने त्याचं आडनाव जमेल तसं उच्चारलं. बस. झालं. आता कुणाच्या बापाला ते पुसता येणार नव्हतं. वर शैलजाकाकू खुर्चीवरून पडता पडता वाचल्या, आणि रुचा ओळखदेख नसलेल्या एका गृहस्थाच्या गळ्यात पडून रडत होती. ते गृहस्थही, का कोण जाणे, रडत होते.

तो खेळला किती? जेमतेम मिनिटभर. पहिल्याच वेळी त्याने न बघता डावीकडे चेंडू दिला. तिथे ट्रेव्हॉन असणार हे त्याला कसं कळलं ते विचारू नका. ट्रेव्हॉनने बास्केट केली. पुढच्या वेळी चेंडू ट्रेव्हॉनकडे होता. त्याने तो वीरला परत दिला आणि ओरडला, "मार!" समोर रिंग मोकळी. वीरने इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही. मारला. चेंडू रिंगवर आदळला, टुणकन वर उडाला, क्षणभर थांबल्यासारखा वाटला आणि बाहेर पडला. मंडळाला त्याचं काय! दोन बसभर लोक असे नाचले की जणू त्यांच्या मुलानं विश्वचषक आणलाय. वीर खदाखदा हसत मागे पळाला. गुण शून्य, पास एक, सामना दणदणीत हरलेला.

आणखी दहा दिवसांचं कॉन्ट्रॅक्ट त्याला मिळालं नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. पुढच्या आठवड्यात तो परत मेनला बर्फ उपसत होता. पण मेनच्या मॅनेजरने पुढच्या हंगामाचं विचारलं तेव्हा त्याचं वाक्य अर्धं व्हायच्या आत वीरने सही केली होती.

त्या दिवशी सामना संपल्यावर मात्र घरच्यांना खाली मैदानाशेजारी सोडलं. शैलजाकाकूंनी वीरचे घामाने निथळणारे गाल ओढले, रुचाने पाठीत गुद्दा घातला आणि मग मिठी मारली. गुरुनाथराव जरा लांबच उभे होते. वीर त्यांच्याजवळ गेला.

"बाबा? यू ओके?"

"मलाही एकदा विचारलं होतं," गुरुनाथराव म्हणाले. "आमच्या लॅबचा हेड होतोस का म्हणून. तू तेव्हा लहान होतास. मी म्हटलं, नको नको, डेव्हिडला द्या, तो सीनियर आहे."

"देन?"

"मग डेव्हिडला दिलं." ते हसायला गेले, पण डोळे भरून आले. "मला वाटलं, पुन्हा विचारतील. रिटायर होईपर्यंत वाटत होतं रे. तुझ्या आईलासुद्धा बोललो नाही कधी. आणि आज तू उठलास. अरे, उठून जाऊन मागता येतं, हे मला सुचलंच नाही कधी."

वीरने वडिलांना उचलूनच घेतलं. पाच फूट सहा इंचांचे गुरुनाथराव हवेत पाय हलवत म्हणाले, "अरे, पाठ, पाठ!"

मैदानावर क्लबचा एक माणूस चेंडू गोळा करत होता. त्याने हे सगळं पाहिलं असावं. एक चेंडू काखेत धरून तो जवळ आला आणि गुरुनाथरावांना म्हणाला, "सर, एक मारून बघता?"

गुरुनाथरावांचा उजवा हात वर येऊ लागला. छातीपर्यंत आला, आडवा व्हायला लागला. शैलजाकाकूंनी श्वास रोखला. मग त्या हाताने कोटाची बटणं काढली, कोट काकूंकडे दिला आणि चेंडू घेतला.

"येस," गुरुनाथराव म्हणाले.

चेंडू रिंगच्या आसपासही गेला नाही.

"अजून एक?" त्या माणसाने विचारलं.

"येस," गुरुनाथराव म्हणाले आणि दोन्ही हात पुढे केले.